काय करता येत न्हाई ते सांगा

वालूरच्या हायस्कूलात मी गणित शिकवायचो, तेव्हा माझा उजवा खांदा धरला. सुरुवातीला सदरा घालताना कळ यायची. मग हात कानाच्या वर जाईनासा झाला. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर लिहिता येईना, म्हणून मी सगळं गणित खालच्या अर्ध्यात मांडायचो. मागच्या बाकांवरच्या पोरांना ते दिसायचं नाही. ती उभी राहून उतरवून घ्यायची. सेलूच्या डॉक्टरांकडून दोनदा गोळ्या आणल्या. गोळ्या संपल्या की दुखणं परत हजर. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, माझ्याकडं काय येता? तुमच्या गावात मंगळवारी आन् शुक्रवारी खिल्लारे म्याडम येतात. त्यांच्याकडं जा."

ग्रामपंचायतीच्या मागं एक गाळा होता. पूर्वी तिथं खताचं दुकान होतं आणि भिंतींना अजून खताचा वास यायचा. आत सुताराकडून करून घेतलेला एक लांब बाक, छताच्या कडीला अडकवलेली दोरी आणि चाक, शिंप्याकडून शिवून वाळू भरलेल्या छोट्या पिशव्या, एक लाटणं आणि दोन पाट, एवढंच सामान. मी पहिल्यांदा दारात उभा राहिलो तेव्हा एक तिशीतली, बुटकी, काटक बाई एका म्हाताऱ्या माणसाला पाटावर चढ-उतर करायला लावत होती. अंगात साधा पंजाबी ड्रेस आणि पायात पुरुषांसारखे बूट. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "उजवा का? चपला काढताना तुमी डाव्या हातानं भिंत धरली."

या संघमित्रा खिल्लारे. फिजिओथेरपी शिकून आलेल्या. वालूरच्या म्हाताऱ्यांना ना त्यांची पदवी उच्चारता यायची, ना नाव. ती सगळी त्यांना 'संगीताबाई' म्हणायची. म्याडमनी कधी दुरुस्ती केली नाही. संगीताबाई म्हणून हाक आली की त्या 'ओ' द्यायच्या.

खांदा कुठं दुखतो, कसा दुखतो हे मी सांगू लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"कुठं दुखतंय ते मी हुडकते. तुमाला काय करता येत न्हाई ते सांगा."

मी फळ्याचं सांगितलं. "आणखी?" म्हणाल्या. मी म्हणालो, एवढंच. त्या गप्प बसल्या. त्यांना गप्प बसता यायचं, आणि त्या गप्प बसल्या की समोरच्याला बोलावंच लागायचं. शेवटी मी सांगितलं की सदऱ्याची बाही बायको चढवून देते, आणि सकाळी आंघोळीनंतर पाठ पुसता येत नाही म्हणून मी तशाच ओल्या अंगानं बसून राहतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, हात हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, साखर तपासली का? मला शुगर नाही असं मी ठणकावून सांगितलं. त्यांनी चिठ्ठी दिली. तपासली तर निघाली. असं धरलेल्या खांद्यामागं साखर बऱ्याचदा असते, हे त्यांनी नंतर शांतपणे समजावलं. डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या सुरू केल्या आणि खांदा म्याडमच्या ताब्यात गेला.

त्यांनी मला घरच्या भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायला सांगितलं होतं, मुंगी चढते तशी. जिथं हात अडेल तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची. दोन-दोन दिवस रेघ हलायची नाही. मग एखाद्या सकाळी बोटभर वर जायची. गाळ्यात त्या माझा हात धरून ताणायच्या तेव्हा मोजायच्या, आणि ते मोजणं मला अजिबात सहन व्हायचं नाही. पाच, सहा, सात, आठ म्हणायच्या आणि परत सहावर यायच्या. मी म्हणालो, म्याडम, आठाच्या पुढं नऊ असतात. त्या म्हणाल्या, "सर, हे तुमचं गणित न्हाई. तुमचा खांदा आठावर ढिला व्हायलाय, मी नऊ म्हणले की तुमी परत आवळता."

दुखेल का, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "थोडं दुखल." हे दोन शब्द आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकले होते की बाहेरच्या ओट्यावर नंबर लावून बसलेली माणसंही एकमेकांना ते म्हणून हसायची.

गावाला सुरुवातीला त्या पसंत नव्हत्या. लोकांना मशीनचा शेक पाहिजे होता. आडवं पडायचं, गरम गरम लावून घ्यायचं, घरी जायचं. ही बाई तर पेशंटलाच कामाला लावायची. एकजण मला म्हणाला, "दुखायलंय म्हणून गेलो तं उठाबशा काढायला लावल्या. हिच्याकडं कामून जावं?" म्याडमकडं शेकाची पिशवी होती, त्या ती द्यायच्याही. पण शेक म्हणजे रस्त्यावर पाणी मारणं, घडीभर धूळ बसते, चालायचं तर तुम्हालाच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या शेजारी गयाबाई राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या, तोंडाच्या फटकळ. गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलं होतं. पौर्णिमेला विहारात वंदनेला जाणं बंद झालं, लग्नाकार्याला जाणं बंद झालं. मीच त्यांना एका शुक्रवारी गाळ्यात घेऊन गेलो. काय करता येत नाही, असं विचारल्यावर गयाबाई म्हणाल्या, काही नाही, सगळं येतं. म्याडम नेहमीसारख्या गप्प बसल्या. गयाबाईही गप्प. मग म्याडमनी आम्हा सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं. मी भिंतीवर बोटं चढवत होतो, मलाही.

आत काय बोलणं झालं ते गयाबाईंनीच पुढं गावभर सांगितलं, म्हणून मला ठाऊक. त्यांना संडासात बसता येत नव्हतं. बसलं की उठता येत नव्हतं. एकदा तासभर तशाच अडकून पडल्या होत्या. तेव्हापासून दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलं होतं, आणि परक्या घरी जायचंच नाही असं ठरवलं होतं. म्याडमनी दोन गोष्टी केल्या. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी खुर्ची करून घेतली, मधोमध भोक असलेली, घरच्या संडासावर ठेवायला. आणि मांडीत ताकद यावी म्हणून व्यायाम दिला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, सकाळ-संध्याकाळ. गुडघ्यांची झीज परत भरून येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. "पण मांडी मजबूत झाली की गुडघ्यावरचं ओझं मांडी उचलती. झिजलेल्या गुडघ्यानं बी माणूस लय वरसं चालतं."

तीन महिन्यांनी गयाबाई पौर्णिमेला विहारापर्यंत चालत गेल्या, पण दारातूनच परत आल्या. आत सगळे सतरंजीवर बसलेले. बुद्धाच्या मूर्तीपुढं आपण खुर्ची टाकून उंच बसायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. मंगळवारी म्याडमना कळलं. त्या म्हणाल्या, "बुद्धानं गुडघे मोडून बसा म्हणलंय का कुठं?" पुढच्या पौर्णिमेला गयाबाई खुर्ची घेऊन बसल्या. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला विहारात म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांची एक रांगच झाली.

दसरा झाला की वालूर आणि आसपासची माणसं ऊसतोडीला जातात. त्या वर्षी निघायच्या आधी सुभद्रा नावाची एक बाई कंबर धरून आली, सोबत नवरा दशरथ. कुण्या डॉक्टरांनी तिला सहा महिने वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही असं सांगितलं होतं. ते सांगताना ती हसत होती. रडायला यावं अशीच गोष्ट होती, पण ती हसत होती.

म्याडमनी तिला तपासलं. पायात मुंग्या येतात का, पायाची ताकद गेली का, हे नीट पाहिलं. तसं काही नव्हतं. मग त्यांनी दशरथला सांगितलं की कुणाच्या तरी शेतातून उसाची एक मोळी घेऊन ये, तुम्ही तिकडं बांधता तेवढीच. मोळी आली. गाळ्यासमोर माणसं जमली. म्याडमनी ओढणी कमरेला बांधली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि एका हिसक्यात मोळी डोक्यावर घेऊन ग्रामपंचायतीपर्यंत चालत जाऊन परत आल्या. मोळी उचलण्याची ती तऱ्हा शिकून येणारी नव्हती.

तेव्हा आम्हाला कळलं की त्या राणीसावरगावच्या, ऊसतोड्यांच्या घरातल्या. लहानपणीची पाच-सहा वर्षं आईबापासोबत उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत गेलेली. मोळी खाली टाकून त्या म्हणाल्या, "मी आता जशी उचलली तशी उचलायची न्हाई. अशी उचलून माझ्या आईची कंबर गेली." मग त्यांनी दुसरी पद्धत दाखवली. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांतून खाली जायचं, मोळी अंगाला चिकटवून घ्यायची, आणि एकटीनं नाही, दोघांनी मिळून डोक्यावर चढवायची. शिवाय मोळी लहान बांधायची. दशरथ म्हणाला, फेऱ्या वाढतील.

"वाढू द्या. फेऱ्या वाढल्या तं पाय दुखतील, ते झोपंत बरे व्हतात. कंबर गेली तं ती कुठं मिळायची?"

दशरथकडूनही त्यांनी दहा वेळा मोळी उचलवून घेतली. सुभद्रेला संध्याकाळी कोपीसमोर करायचे तीन व्यायाम दिले. पायात मुंग्या आल्या किंवा लघवीचा त्रास झाला तर काम तिथंच टाकून दवाखाना गाठायचा, हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. त्या मंगळवारी गाळा बंद करताना त्या मला म्हणाल्या, "सर, आराम करा म्हणायला सोपं असतंय. आराम कुठून आणायचा, ते कुणी सांगत न्हाई."

सुभद्रा उन्हाळ्यात परत आली. कंबर दुखली होती, पण अंथरूण धरायची वेळ आली नव्हती. टोळीतल्या बाया आधी हिला हसल्या, मग त्याही हिच्यासोबत कोपीसमोर उताण्या पडून पाय पोटाशी घ्यायला लागल्या, हे ती मोठ्या मजेनं सांगत होती.

मारोतराव पाटलांच्या घरी म्याडमना मीच घेऊन गेलो. मारोतरावांचा मुलगा माझा विद्यार्थी होता. त्यानं गळ घातली होती. मारोतरावांना लकवा मारून आठ महिने झाले होते. दूरदूरची औषधं आणून झाली होती. म्हातारा खाटेवर पडून होता, डावा हात आणि डावा पाय लुळा. तोंडातून शब्द निघायचे, पण ओबडधोबड. म्याडम खाटेजवळ गेल्या तसं मारोतरावांनी विचारलं, "कोणाची तू?"

म्याडमनी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि पुढचा प्रश्न यायच्या आधी म्हणाल्या, "बौद्ध हाव आमी."

मारोतरावांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मुलगा खाली पाहत उभा राहिला. म्याडमनी जणू काही झालंच नाही अशा थाटात त्यांचा डावा खांदा तपासला. त्या हाताला धरून कुणी ओढू नका, सांधा निखळेल, असं मुलाला बजावलं. मग म्हाताऱ्याला कुशीवर वळवून खाटेच्या काठावर बसवलं आणि त्यांच्या उजव्या हाताखाली स्वतःचा खांदा दिला. उठायचं तर त्या खांद्यावर हात टाकावा लागणार होता. हात हवेतच राहिला.

"बाबा, मनात काय हाय ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "डावा पाय इकडं ठिवा."

बराच वेळ गेला. मग तो हात त्यांच्या खांद्यावर पडला. बुटकी बाई आणि धिप्पाड म्हातारा, दोघंही थरथरत उठले. म्याडमनी त्यांच्या लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्यानं टेकू दिला होता. आठ महिन्यांनी मारोतरावांचं डोकं मुलाच्या डोक्याच्या वर गेलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्याडमनी समजूत वगैरे काढली नाही. त्या मोजत राहिल्या, नेहमीसारखं चुकीचं.

चार महिन्यांनी मारोतराव काठी घेऊन ओट्यापर्यंत यायला लागले. हात मात्र पुरता सुधारला नाही. त्या पहिल्या दिवसाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. एकदा मी म्याडमना विचारलं, वाईट वाटलं नाही का? त्या थंड झालेला चहा पीत होत्या, उभ्यानंच. चहा गरम असताना पिणं त्यांना कधी जमलं नाही. म्हणाल्या, "वाटलं तं. पण मी त्यांना सुधरवायला थोडीच गेले व्हते? उभं करायला गेले व्हते."

मग एका मंगळवारी म्याडम आल्या नाहीत. दुपारी कळलं की सेलूहून येताना रानडुक्कर आडवं आलं आणि स्कूटी घसरली. मांडीचं हाड मोडलं होतं. परभणीला ऑपरेशन होऊन रॉड टाकला. गाळ्याला कुलूप लागलं. शुक्रवारीही ओट्यावर सात-आठ माणसं येऊन बसली आणि थोड्या वेळानं उठून गेली.

दोन महिन्यांनी गयाबाई आणि मी त्यांना भेटायला एसटीनं सेलूला गेलो. त्यांच्या आईनं दार उघडलं. कमरेत पार वाकलेल्या, वर पाहायचं तर मान वाकडी करून पाहायच्या. त्यांनी आम्हाला बाहेरच हळू आवाजात सांगितलं की डॉक्टरांनी वॉकर घेऊन चाला म्हणून सांगितलंय, पण ही उठतच नाही. गुडघा वाकवून घ्यायला ओळखीची म्याडम येते, तर तिला उद्या ये म्हणून परत पाठवते. "लेकरू भ्यालंय," असं म्हणून त्या आत गेल्या.

म्याडम खाटेवर होत्या. पाय वाळून काठीसारखा झाला होता. मी शाळेतलं काहीबाही बोलत राहिलो. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मध्येच म्हणाल्या, "सर, मी सगळ्यांना म्हणायचे, थोडं दुखल. ते थोडं नसतंय."

त्यांचे डोळे भरले. गयाबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "संगीताबाई, मला पाणी दे गं प्यायला."

आई उठायला लागल्या. गयाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. परत म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलाव आमी. घरात आलेल्या माणसाला पाणी देतेत का न्हाई?"

म्याडमनी गयाबाईंकडं पाहिलं. मग वॉकर पुढं ओढला. उठताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा आवाज मी गाळ्यात माझ्या तोंडून काढला होता, पण इतका मोठा नव्हे. एक पाऊल, मग थांबणं. मग दुसरं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायला त्यांना किती वेळ लागला सांगता येणार नाही. आत माठाचा आवाज आला. मग काहीच नाही. थोड्या वेळानं आतून त्या म्हणाल्या, "गयामावशे, दोन्ही हात वॉकरला लागायलेत. गिलास कसा आणू?"

"थांब, मीच येते तिकडं," असं म्हणत गयाबाई उठल्या. हात न टेकता उठल्या. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं आणि वाकलेल्या आईनं डोळे पुसले.

पुढचे व्यायाम म्याडमनी सोडले नाहीत. पाच-सहा महिन्यांनी त्या वालूरला आल्या, एसटीनं. उजवा पाय किंचित ओढायच्या. गाळा झाडला, पाट धुतले आणि कामाला लागल्या. फक्त एक फरक झाला होता. दुखेल का, असं कुणी विचारलं की आता त्या म्हणायच्या, "दुखल. मी हितंच हाय." आणि पेशंट कळवळला की घाई न करता थांबायच्या.

दोन वर्षांनी त्यांना जिंतूर तालुक्यात नेमणूक मिळाली. चारठाण्याकडच्या गावांत असं कुणीच नव्हतं. वालूरला सेलूची दुसरी म्याडम यायला लागली, तीही चांगली होती. निरोपाचा कार्यक्रम करू असं आम्ही ठरवत होतो, तर शेवटच्या शुक्रवारी म्याडमनी इतकी माणसं तपासायला घेतली की नारळ द्यायलाही सवड मिळाली नाही.

मागच्या हिवाळ्यात मी जिंतूरहून एसटीनं परत येत होतो. चारठाण्याच्या फाट्यावर गाडी थांबली. खिडकीतून पाहिलं तर खाली खिल्लारे म्याडम. त्यांच्या पुढं एक धोतरवाला म्हातारा, हातात काठी, खांद्याला पिशवी. तो गाडीकडं येत होता, अगदी हळू. म्याडम त्याच्या मागून चालत होत्या. त्यांचा एक हात त्याच्या पाठीमागं वीतभर अंतरावर धरलेला होता, पाठीला न लावता.

म्हातारा दाराशी आला आणि एसटीच्या उंच पायरीकडं पाहत उभा राहिला. कंडक्टरनं हात पुढं केला. म्याडमनी मानेनं त्याला नको म्हणून सांगितलं. म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली, दांडा धरला आणि चांगला पाय पायरीवर ठेवला. मग थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, चला की राव, उशीर व्हायलाय. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. म्हाताऱ्यानं अंग वर ओढलं. दुसरा पाय घासत आला. दुसरी पायरी, मग तिसरी.

मला हाक मारावीशी वाटली, पण अशा वेळी त्यांचं लक्ष विचलित करणं बरं दिसलं नसतं. नंतर कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी निघाली. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, ऊन डोळ्यांवर घेत.

म्हातारा माझ्याच शेजारी येऊन बसला. धाप लागली होती, कपाळावर घाम होता. काठी त्यानं दोन्ही पायांमध्ये धरली. कुठं निघालात, असं मी विचारलं.

"लेकीकडं, सेलूला," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून, मला नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणाला, "एकलाच चाललो."